पावसात भिजायला हरकत काय?

पावसात भिजलं की सर्दी होते, असं घरोघरी बजावलं जातं. पण सर्दी होते ती विषाणूंमुळे, आणि ते सरींतून नव्हे, तर खिडक्या लावून दाटीवाटीनं बसलेल्या माणसांकडून येतात. अंग बराच वेळ गारठलं तर प्रतिकारशक्ती मंदावू शकते, हे मान्य. त्यासाठी घरी येताच डोकं खसाखसा पुसून कोरडे कपडे घालावेत, पण बाहेर पडणंच कशाला सोडायचं? उलट दमदार सरीनंतर हवा निवळते, कारण पडणारे थेंब धूळकण सोबत खाली नेतात. आणि मृद्गंध! १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलं माती-दगडांत मुरतात आणि ओल मिळताच दरवळतात. मातीतल्या जिवाणूंचं जिओस्मिन त्यात मिसळतं. थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याखाली अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते, फुटते आणि हा गंध हवेत उडवते. अत्तरवाल्याकडे एवढं फुकट मिळत नाही.

लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती मात्र रास्त आहे. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत त्याचे रुग्ण वाढले होते. पण दोष आभाळातल्या पाण्याचा नाही, उंदीर-घुशींच्या मुतानं दूषित झालेल्या तुंबलेल्या पाण्याचा आहे. पायाला जखम असेल तर त्यात उतरू नये, उतरावंच लागलं तर डॉक्टरांना विचारावं. विजा कडाडत असतील तर झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावं. श्रावणातल्या रिमझिमीत, गच्चीवर किंवा अंगणात, छत्री खुशाल मिटावी.