मुरुडच्या वाडीखालचे पाणी

(मुरुड, ता. दापोली येथे नारळ-सुपारी बागायतदारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या भागात वर्षाला 3000 मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात आणि काहींचे पाणी मचूळ लागते. अशा वेळी विहीर खोल करावी की बोअर मारावी, हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या जमिनीखाली काय आहे, यावर अवलंबून आहे.

सर्वांत खाली काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो बनला. हा दगड अंगाने घट्ट आहे. त्यात पाणी असते ते फक्त भेगांत, कुजलेल्या भागात व दोन थरांच्या सांध्यात. भेग लागली तर बोअरला पाणी, नाही तर कोरडी भुकटी. शेजाऱ्याला पाणी लागले म्हणून आपल्याला लागेलच असे नाही.

सड्यावर जांभा आहे. कातळाची हजारो-लाखो वर्षे झीज होऊन तो तयार झाला. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी भराभर पितो. त्याच्या खाली चिकट मातीचा थर असतो. तेथे पाणी अडते आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. परंतु जांभा जितक्या लवकर पाणी घेतो, तितक्याच लवकर सोडतो. म्हणून पुष्कळ झरे उन्हाळ्यापूर्वीच आटतात.

किनाऱ्यालगतच्या नारळ-सुपारीच्या वाड्या वाळूवर आहेत. वाळूत मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने हलके असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 फूट असेल, तर त्याखाली गोड्या पाण्याची जाडी साधारण 40 फुटांपर्यंत असू शकते. युरोपातील गायबेन व हर्झबर्ग या दोन अभ्यासकांनी हे प्रमाण 1889 व 1901 मध्ये मांडले. याची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. सततच्या उपशाने पातळी कायमची अर्धा फूट खाली गेली, तर खारे पाणी हळूहळू 20 फूट वर सरकू शकते.

पूर्वी रहाटाने थोडे थोडे पाणी निघे व विहिरीला भरायला वेळ मिळे. आता पंप तासन् तास चालतो, शिवाय पर्यटकांच्या निवासांसाठीही उन्हाळ्यातच उपसा वाढतो. खारे पाणी एकदा आत शिरले की एका पावसाळ्यात ते मागे हटेलच, याची खात्री नाही. नारळ काही प्रमाणात खारेपणा सोसतो, सुपारी मात्र लवकर करपते. सुपारीची बाग पुन्हा उभी करायला किती वर्षे जातात, हे आपणांस सांगायला नको.

तेव्हा पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

1. वाळूतील विहीर खोल करू नये, वाडीत बोअर मारू नये. पाणी कमी पडल्यास उथळ दुसरी विहीर समुद्रापासून दूरच्या बाजूस घ्यावी.

2. लहान अश्वशक्तीचा पंप वापरावा. एकदम उपसा न करता सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ चालवावा.

3. मार्च ते मे दरम्यान दरमहा पाण्याची विद्युत वाहकता तपासावी. ती 0.75 डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास पाणी चांगले, 2.25 च्या वर गेल्यास सुपारीस देऊ नये.

4. नारळास ठिबकने दररोज 30 ते 40 लिटर पाणी पुरते. आळ्यात सोडणे व झावळ्यांचे आच्छादन करावे.

5. पावसाळा संपताच पऱ्ह्यावर कोकण विजय बंधारा किंवा वनराई बंधारा घालावा. सड्यावरच्या आंबा-काजूच्या बागेत समपातळी चर खणावेत. वर मुरलेले पाणीच पुढे खालच्या वाडीला मिळते.

6. कातळात बोअर घ्यायचीच असेल, तर आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा.

वाळूतले पाणी वाडीच्या गडग्यापाशी थांबत नाही. एकाने जास्त उपसा केला तर शेजाऱ्याची विहीरही खारी होते. म्हणून उपशाची वेळ व प्रमाण वाडीतील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे आणि ते या उन्हाळ्यापूर्वीच ठरवावे, एवढी विनंती करून मी थांबतो.