उचल आणि मासळीचा भाव

(कार्यकर्ता शिबिरातलं भाषण)



आज मी बांगलादेशातल्या मच्छीमारांबद्दल बोलणार आहे. ते लांबचे, पण त्यांच्या गळ्यातला फास आपल्या ओळखीचा आहे.

तिथं मेघना नदीत इलिश मासळी मिळते. होडी, जाळं, घरखर्च यासाठी मच्छीमार आडतदाराकडून उचल घेतो. तिकडं तिला दादन म्हणतात. बऱ्याचदा या उचलीवर व्याज लावत नाहीत, कारण मुसलमानाला व्याज मना. पण अट असते : सगळी मासळी आडतदारालाच घालायची. भाव तोच पाडतो, वर आडत कापतो. उचल काही फिटत नाही. पुढच्या हंगामाला परत उचल.

इस्लाम याला काय म्हणतो? कुराणात सांगितलंय, मुद्दल तेवढं परत घ्या, कर्जदार अडचणीत असेल तर मुदत द्या. त्यांचे धर्मशास्त्री आणखी पुढं जातात : कर्ज देताना अट घालून मिळवलेला फायदासुद्धा व्याजच. म्हणजे भाव पाडून कमावलेला पैसाही व्याज!

दुसरा रस्ताही त्यांच्यात आहे. पैसेवाल्यानं भागीदार व्हावं. पैसा त्याचा, कष्ट मच्छीमाराचे, नफा आधी ठरल्या हिश्श्यानं. धंदा बुडाला तर त्याचा पैसा गेला, याचे कष्ट गेले. मच्छीमाराच्या डोक्यावर कर्ज राहत नाही. जकात म्हणून जो धर्मदाय काढतात, त्यातही कर्जात बुडालेल्यांचा वाटा आहे.

नियम असा चांगला, तरी आडतदाराचं चालतंच. कारण एकटा मच्छीमार त्याला जाब विचारू शकत नाही.

आता आपलं बघा. पावसाळ्यात व्यापारी तेल-मीठ, पैसे देतो. मग मोहफुलं, चारोळी, धरणातली मासळी त्याच्याच काट्यावर. तोही म्हणतो, व्याज कुठं घेतो? पण १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा सांगतो : उचलीच्या बदल्यात आपला माल बाजारभावानं विकायचा हक्क काढून घेतला, तर तीही वेठबिगारी. शेतावर राबवलं तरच वेठ, असं नाही. आणि अशा वेठीचं कर्ज फेडायचं बंधन कायद्यानं रद्द केलंय.

म्हणून गावात बसून वही करा. कुणी किती उचल घेतली, माल कुठल्या भावानं घातला, ते लिहा. शेजारी त्या दिवशीचा बाजारभाव लिहा. जो फरक निघेल तेच व्याज. वही घेऊन सगळे मिळून तहसीलला जाऊ. एकट्यानं कुणी जायचं नाही.

जिंदाबाद!