पडद्यावरील अस्पृश्यता आणि हक्काचा प्रश्न
(चिखली येथे दिलेले भाषण)



संविधानाच्या पंधराव्या कलमात सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणांचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने तेथे अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. अमेरिकेत हे काम १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने केले. तोवर दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय प्रेक्षकास वरच्या सज्ज्यात वेगळे बसविण्याची वहिवाट होती. चित्रपटगृहाचे दार याप्रमाणे कायद्याने उघडले. पडद्यावर आपणांस कोणत्या रूपाने प्रवेश मिळाला, हा प्रश्न मात्र कोणत्याही न्यायालयापुढे येत नाही. तो आपणच विचारावयाचा आहे.

१९३६ साली बॉम्बे टॉकीजने ‘अछूत कन्या’ काढला. रेल्वे फाटकवाल्याची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण तरुण प्रताप यांच्या प्रेमाची ती कथा. त्या काळी हे दाखविणे धाडसाचे होते, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण शेवटी येणारी गाडी थांबविण्यासाठी कस्तुरी धावते आणि मरते. प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. गावाचा प्रश्न जागच्या जागी राहतो. आदल्याच वर्षी येवल्यास बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

पुढे १९५९ मध्ये बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. नूतनबाईंच्या अभिनयाविषयी माझी काहीच तक्रार नाही. तो उत्तमच आहे. ब्राह्मण घरात वाढलेल्या अस्पृश्य मुलीची ओळख करून देताना पालक माता तिला मुलगी म्हणत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणते. या एका ‘सारखी’त अस्पृश्यतेचे सारे शास्त्र आले आहे! दिग्दर्शकाने ते अचूक हेरले. परंतु हा शब्द गळून केव्हा पडतो? आजारी मातेस सुजाता स्वतःचे रक्त देते, तेव्हा. म्हणजे मुलगीपणाची किंमत तिने रक्ताने चुकती करावयाची. नागपूरला लक्षावधी लोकांनी दीक्षा घेऊन तीन वर्षे लोटली होती. त्यांनी कोणाकडून लायकीचा दाखला मागितला नव्हता.

अमेरिकेतही तोच मासला. १९६७ च्या ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ या चित्रपटात गोऱ्या मुलीशी विवाह करू पाहणारा कृष्णवर्णीय तरुण जगप्रसिद्ध डॉक्टर आहे, सर्वगुणसंपन्न आहे, आणि तरीही मुलीच्या आईबापांनी नकार दिल्यास माघार घेण्यास तयार आहे. त्याच वर्षी १२ जून रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग दांपत्याच्या खटल्यात आंतरवर्णीय विवाहावरील बंदी रद्द केली. ते लव्हिंग गवंडीकाम करीत. न्यायालयाने त्यांची विद्वत्ता तपासली नाही.

आपला महाडचा खटला आठवा. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याचा निकाल दिला. अस्पृश्य सद्गुणी आहेत काय, हा तेथे मुद्दाच नव्हता. इतरांना मज्जाव करण्याची अनादी वहिवाट आपणांस आहे, हे वादींनी सिद्ध करावयाचे होते, आणि ते त्यांना साधले नाही. पुराव्याचा बोजा कोणावर, एवढ्यात सारा फरक आहे. वरील चित्रपटांनी तो बोजा सोसणाऱ्यावर टाकला.

हा बोजा उलटविणारा चित्रपट यावयास फार काळ लागला. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या ‘फँड्री’तील जब्या कोणाचा जीव वाचवीत नाही, रक्त देत नाही. त्याला शाळेत जावयाचे आहे, आणि शाळासोबती पाहत असता डुक्कर धरावे लागते. मारलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागे भिंतीवर बाबासाहेबांचे व सावित्रीबाईंचे चित्र दिसते. अखेरीस तो हिणविणाऱ्यावर दगड भिरकावतो, आणि तो दगड पडद्यातून थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो.