तिथीची पाऊणपट



सकाळी घावणे खाताना मला तिघांनी एकच प्रश्न विचारला, ‘तू नेमकी खंय असतंस गो?’ मी म्हटलं, जर्सीला. एकाने लगेच अमेरिका धरली. ती न्यू जर्सी. मी राहते ती जुनी जर्सी. अमेरिकेतल्या राज्याला जिचं नाव दिलं ती, आणि आपल्या डेअरीतली जर्सी गाय जिथून आली ती. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रात, फ्रान्सच्या किनाऱ्यापासून साधारण 22 किलोमीटरवर हे बेट आहे. लांबी 14-15 किलोमीटर, रुंदी 8. माणसं एक लाखाच्या थोडी वर. आपला मालवण तालुका याहून कितीतरी मोठा. हे ऐकल्यावर शेजारच्या ताटावरून आवाज आला, ‘मगे हंयच कित्याक नाय रवलंस?’

हसू आलं खरं, पण प्रश्न बरोबर आहे. दहावीनंतर मी मालवणातून पळाले ते इथे सगळ्यांना सगळं कळतं म्हणून. बाजारात कोणाशी बोलले ते मी घरी पोचायच्या आत आईला ठाऊक असायचं. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, नोकरी केली, गर्दीत हरवून जायची सवय लागली. आणि 2014 मध्ये नवरा आणि चार वर्षांची मुलगी यांना घेऊन गेले कुठे, तर याहून लहान गावात! जर्सीत बँका आणि गुंतवणूक कंपन्यांचा मोठा व्यवसाय आहे, त्यांच्या हिशेबाची सॉफ्टवेअर्स लिहायचं माझं काम.

हे बेट ब्रिटिश राजाचं, पण ब्रिटनचा भाग नाही. स्वतःची विधानसभा, स्वतःचे कायदे, स्वतःच्या नोटा. एक पौंडाचीही कागदी नोट आहे, जी लंडनमधल्या दुकानदाराने माझ्या हातात परत ठेवली होती. इंटरनेटची फायबर घरोघरी. ओला नारळ मात्र विचारू नका.

आता मुद्द्याचं सांगते. आमचे आजोबा भरतीची वेळ तोंडी काढायचे. तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वा अकरा, म्हणून पौर्णिमेला नि अमावास्येला सव्वा अकराच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण सुकती. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हा हिशेब असेल. पुढे मी कॉलेजात इतकं गणित शिकले, पण याच्याइतकं वापराचं सूत्र मला भेटलं नाही.

जर्सीतली पहिली दिवाळी. लक्ष्मीपूजनाला मी सुटी घेतली होती. घरात करमेना म्हणून लेकीला घेऊन बेटाच्या आग्नेय टोकाला गेले. तिथे ओहोटीला समुद्र दोनेक किलोमीटर मागे जातो आणि मैलभर खडक, वाळू, डबकी उघडी पडतात. दुपारचा दीड वाजला होता. मी मनात हिशेब केला. आज अमावास्या, सव्वा अकराला भरती झाली, म्हणजे पाणी साडेपाचपर्यंत उतरतच राहणार. निवांत वेळ आहे. आम्ही खेकडे बघत बघत आत आत चालत गेलो.

बऱ्याच वेळाने मागून कोणीतरी ओरडलं. एक म्हातारे गृहस्थ टोपली घेऊन झपाझप किनाऱ्याकडे चालले होते आणि हात हलवून आम्हाला बोलावत होते. मी मागे वळून बघितलं, तर आम्ही आलो त्या वाटेवरच्या घळीत पाणी भरत होतं. समोरचा समुद्र अजून लांबच दिसत होता. पाणी मागून येत होतं. त्यांनी लेकीला खांद्यावर घेतलं, मला म्हणाले, माझ्या पावलांवर पाऊल टाका. घळ ओलांडताना पाणी माझ्या मांड्यांपर्यंत होतं. किनाऱ्याला लागेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

नंतर मी भरतीचं छापील वेळापत्रक बघितलं. आजोबांचा हिशेब चुकीचा नव्हता, तो कोकणाचा होता. अटलांटिकची भरती वळसा घेऊन फ्रान्सच्या त्या कोपऱ्यात पोचते ती तिच्या वेळेने. तिथे अमावास्या-पौर्णिमेला भरती सकाळी-संध्याकाळी सातच्या आगेमागे आणि ओहोटी भर दुपारी. मी निवांत चालत होते तेव्हा पाणी फिरलेलं होतं. दुसरी गोष्ट उंचीची. आपल्याकडे उधाणातसुद्धा पाण्याचा फरक दोन-अडीच मीटर. जर्सीच्या खाडीत पाणी कोंडून चढतं, मोठ्या उधाणाला फरक 12 मीटरपर्यंत जातो, सहा तासांत. मालवणात दिवसभरात जेवढं पाणी चढतं तेवढं तिथे तासाभरात! कॉर्बिएरचं दीपगृह बघायला फरसबंद वाटेने चालत जाता येतं, पण पाणी यायच्या आधी तिथे भोंगा वाजतो. वाटेवर एक दगड आहे. 1946 मध्ये भरतीत अडकलेल्या पाहुण्याला वाचवायला गेलेला दीपगृहाचा कर्मचारी बुडाला, त्याची आठवण. तो दगड वाचताना माझ्या पायातलं बळ गेलं.

त्या दिवशी वाचलो, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात तीन जणांनी विचारलं, ‘काल पाण्यात अडकलेल्या तुम्हीच ना?’ झालं, मालवण!

त्या टोपलीवाल्या आजोबांशी पुढे चांगला परिचय झाला. ते ऑर्मर नावाचे शिंपले गोळा करायचे. ते ऑक्टोबर ते एप्रिल आणि तेही अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच काढायला परवानगी आहे. इंग्रजी बोलणारा माणूस तिथी बघून घराबाहेर पडतो याची मला फार गंमत वाटायची. युद्धात पाच वर्षं हे बेट जर्मनांच्या ताब्यात होतं. डिसेंबर 1944 मध्ये रेड क्रॉसचं जहाज अन्नाची पार्सलं घेऊन आलं, तेव्हा ते आजोबा शाळकरी पोर होते. त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की मध्येच थांबायचे.

बेटावर जागा कमी, म्हणून कोणी राहायचं यावर कायदा आहे. माझं कार्ड ‘लायसन्स्ड’. लायसन्स कंपनीचं, त्यावर मी. सलग दहा वर्षं काढली की कार्ड आपलं होतं. सातव्या वर्षी, 2021 मध्ये, कंपनीने आमचं काम दुसऱ्या देशात हलवलं आणि तीन महिन्यांची नोटीस दिली. नोकरी गेली की घर भाड्याने घेण्याचा हक्क जाणार, परवाना जाणार. लेक अकरा वर्षांची, तिचं सगळं जग त्या बेटावर. मी कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी भाजीवाली म्हणाली, ‘ऐकलं ते खरं का?’ मला इतका राग आला की पालेभाजी तिथेच टाकून निघाले.

आठवड्याने त्याच आजोबांचा फोन आला. त्यांची भाची एका कंपनीत होती, तिथे लायसन्सची एक जागा रिकामी होती. तीन तासांची परीक्षा देऊन, दोन मुलाखती होऊन मला नोकरी मिळाली. तरी ओळखीने मिळाली असंच म्हणायला हवं. मला ते जड जातं. आणि एक जास्त जड जातं. आमच्या इमारतीत साफसफाई करणारी मदेराची बाई माझ्याआधी दोन वर्षं तिथे आली. तिच्या कार्डावर तिला मनासारखं घर घेता येत नव्हतं. दहा वर्षं तिने एका खोलीत काढली. तिच्यासाठी कोणाची भाची फोन करत नव्हती.

गेल्या मे महिन्यात माझी दहा वर्षं झाली. कार्ड बदललं. आजोबा त्याआधीच गेले. मी आईला म्हटलं, आता तू तिकडे ये. ती म्हणाली, ‘तिथे माझी तिथी चालणार नाही.’ यावर मला उत्तर सापडलेलं नाही.

उद्या आपण सगळे सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणार आहोत. लेकीला आजीने पाऊणपट शिकवली आहे, ती काल रात्रीच उद्याची वेळ काढून बसली. होडी नऊला सुटेल. तरी होडीवाल्याला एकदा विचारून घ्या.