छायाचित्रातील चेहरा



हुंड्यापायी सासरी जळालेली मुलगी एके काळी ‘स्टोव्हचा भडका’ एवढ्या दोन शब्दांत वर्तमानपत्रातून नाहीशी होत असे. १९८० च्या सुमारास दिल्लीतील स्त्रिया याविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्यांच्यात शीबा छाछी या तरुण छायाचित्रकार होत्या. १९७९ मध्ये कन्या गमावलेल्या सत्यराणी चढ्ढा यांचे निदर्शनातील छायाचित्र त्यांनीच टिपले. पुढे १९८३ मध्ये दंडसंहितेत कलम ४९८-अ आणि १९८६ मध्ये ३०४-ब आले.

परंतु मोर्चातील उंचावलेल्या मुठीत बाईचे सारे आयुष्य मावत नाही, हे छाछींना जाणवले. म्हणून १९९०-९१ च्या सुमारास त्यांनी सत्यराणींसह सात कार्यकर्त्या स्त्रियांना आपली जागा, वस्तू व बैठक स्वतःच ठरवावयास सांगितले. कॅमेऱ्यापुढची बाई येथे आपले चित्र आपणच घडविते.

सरकारी फाइलीत जळालेली मुलगी ‘मयत’ म्हणून उरते. या चित्रातून तिची आई आपल्याकडे रोखून पाहते.

आपल्याही लेकी परमुलखात नांदतात. फोनवर त्या ‘सगळे ठीक आहे’ म्हणतात, तेव्हा त्या शब्दांमागचा चेहरा पाहण्याची दृष्टी या कलेपासून आपण घ्यावी, एवढीच विनंती.