करवीरनगरीत आपले स्वागत

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, गावोगावहून आलेल्या सरपंचताई, नगरसेविका आणि सदस्य भगिनी,

स्वागत समितीच्या वतीने अंबाबाईच्या या नगरीत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

कोल्हापूर म्हटले की पाहुण्यांना तांबडा-पांढरा रस्सा, रंकाळा आणि खासबागेतली कुस्ती आठवते. खुशाल आठवावी. आमची खरी मिरासदारी मात्र राजर्षी शाहू महाराजांची. विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा त्यांनी १९१७ साली केला. १९१९ साली स्त्रियांच्या छळाला कायद्याने बंदी घातली. त्याही आधी, १८९५ साली, संस्थानातल्या मुलींच्या शाळांचा कारभार त्यांनी रखमाबाई केळवकर यांच्या हाती दिला. या बाईंचे नाव आज आमच्याच पोरांना सांगावे लागते, म्हणून मुद्दाम घेतो. त्यांची कन्या कृष्णाबाई महाराजांच्या शिष्यवृत्तीवर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाल्या आणि आपल्याच गावच्या रुग्णालयात रुजू झाल्या. त्यांच्याविषयी तासभर बोललो असतो, पण चिटणीसांनी घड्याळ दाखवले आहे!

परिषदेच्या विषयाचा मी अभ्यासक नाही. एवढे मात्र ठाऊक आहे की महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, मे २०२२ मध्ये, आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवेच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा ठराव करून बंद केली. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून हा कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. इथे गावाने आधी केले आणि सरकार मागून आले.

आता व्यवस्थेविषयी. निवासाच्या खोल्या कमी पडल्या, काही भगिनींना दाटीवाटीने राहावे लागत आहे, त्याबद्दल क्षमस्व. आचाऱ्याला तिखट बेताने घालायला बजावले आहे. तरी आचारी कोल्हापूरचाच आहे. भोजनाचा भार उचलणारे गूळ अडते, मंडपाचे भाडे न घेणारे मंडपवाले, सभागृह देणारे संस्थाचालक, पहाटेपासून स्टँडवर उभे असलेले तालमीचे कार्यकर्ते आणि भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटांच्या भगिनी, सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचे नाव राहिले असल्यास रागावू नये.

शेवटी एकच विनंती. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. घरी परतल्यावर पहिल्याच बैठकीत हा हिशोब मागा, आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या.