निर्णयापूर्वीचे पर्याय : स्वागताध्यक्षीय भाषण



बहुउद्दिष्ट इष्टतमीकरणावरील या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. एकाच निर्णयाने साधावयाची उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात तेव्हा उत्तम निर्णय कोणता, हा या विषयाचा मूळ प्रश्न असून महाराष्ट्रापुढे तो कोयनेच्या काठी दर पावसाळ्यात उभा राहतो. सुमारे १०५ टीएमसी साठवणक्षमतेचे हे धरण वीज आणि सिंचन यांसाठी भरलेले हवे असते, तर कऱ्हाड-सांगलीचा पूर आवरण्यासाठी त्यात रिकामी जागा हवी असते.

प्रत्येक उद्दिष्टाला आधीच भार देऊन सर्वांची बेरीज करण्याची रीत सोपी आहे, यात शंका नाही. परंतु पुराच्या हानीचे मोल विजेच्या तुलनेत किती धरावे, हा चारचौघांत व्हावयाचा निर्णय त्या रीतीत सूत्रातल्या एका आकड्यामागे दडतो, आणि ही बाब गंभीर आहे. शिवाय पर्यायांची सीमारेषा आतल्या बाजूस वळलेली असेल, तर त्या खोलगट भागातले पर्याय कोणतेही भार घेतले तरी हाती लागत नाहीत. म्हणून इटालियन अर्थशास्त्रज्ञ व्हिल्फ्रेडो पॅरेटो यांच्या नावाची कसोटी वापरली जाते : जो पर्याय दुसऱ्याहून कोणत्याही उद्दिष्टात उणा नाही आणि निदान एकात सरस आहे, तो त्याच्यावर वरचढ, आणि ज्यांच्यावर कोणीच वरचढ नाही, त्या सर्व पर्यायांचा संच हेच उत्तर.

हा संच शोधण्याच्या कामी आयआयटी कानपूर येथे कल्याणमय देब व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला ‘एनएसजीए-२’ हा अल्गोरिदम जगभर वापरला जातो, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यात प्रत्येक पर्यायावर किती जण वरचढ आहेत आणि तो स्वतः कोणाकोणावर वरचढ आहे, याची नोंद एकदाच होते. ज्यांच्यावरील वरचढांची संख्या शून्य, ते पर्याय पहिल्या फळीत जातात, ते बाजूला काढताच त्यांच्याखालच्यांची ही संख्या एकेकाने घटते आणि शून्यावर आलेल्यांची दुसरी फळी बनते. तुलना पुन्हा पुन्हा करावी लागत नसल्याने, दोन उद्दिष्टे आणि १०० पर्याय असताना, एका फेरीतल्या वर्गवारीचे सर्वांत वाईट स्थितीतले काम ढोबळमानाने २० लाखांवरून २० हजार तुलनांवर येते. एकाच फळीतल्यांपैकी ज्यांच्या आसपास गर्दी कमी, त्यांना प्राधान्य मिळते, त्यामुळे उत्तरे एका कोपऱ्यात साचत नाहीत.

मात्र उद्दिष्टे तीन-चारांहून वाढली, की बहुतेक पर्याय एकमेकांवर वरचढ ठरेनासे होतात, सारेच पहिल्या फळीत येतात आणि निवडीला आधार उरत नाही. २०१४ मधील ‘एनएसजीए-३’ने आधीच ठरवलेल्या संदर्भबिंदूंच्या साहाय्याने यावर मार्ग काढला, तरी अशा शेकडो पर्यायांतून धरणावरील अभियंत्याला नेमके काय आणि कसे दाखवावे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. येथील चर्चेत त्याला अग्रक्रम मिळावा, अशी स्वागत समितीची मनापासूनची अपेक्षा असून परिषदाध्यक्षांनी कामकाजास प्रारंभ करावा, ही विनंती.